बेबीच्या सतरा बरण्या

फ्रीजमध्ये दूध ठेवायला जागा नव्हती. वरच्या कप्प्यात चार बरण्या, मधल्या कप्प्यात सहा, आणि अंड्यांच्या खाचांमध्ये झाकणं लावलेल्या चिमुकल्या डब्या. सगळ्यांत एकच माल: फिकट पिवळसर, बुळबुळीत, चमच्याने उचलला तर तार धरणारा. अंडी कुठे गेली होती देव जाणे. ताई दुधाची बाटली हातात धरून क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग ओरडली, "बेबी!"

बेबी एक्केचाळीस वर्षांची होती. घरातलं शेंडेफळ म्हणून पाळण्यात चिकटलेलं नाव पुढे कोणी काढलंच नाही. सहलींची तिकिटं काढून देणाऱ्या ज्या कचेरीत ती सोळा वर्षं होती ती बंद पडली, तेव्हा "पंधरा दिवस राहते गं ताई, जरा डोकं शांत झालं की बघते पुढचं" म्हणून ती बॅग घेऊन आली होती. त्याला आता पाचवा महिना लागला होता. पहिल्या महिन्यात तिने मेणबत्त्या केल्या आणि ओट्यावर मेणाचा जो थर बसला तो ताईने सुरीने खरवडून काढला. दुसऱ्या महिन्यात साबण झाले. ते आठ दिवस वाळत ठेवले तरी वाळले नाहीत. आणि मग बेबीला केसांचा शोध लागला.

दोघी बहिणींचे केस आईवर गेलेले, कुरळे आणि राठ. आईने आयुष्यभर त्यांना तेल चोपडून, ओढून ओढून वेण्या घातल्या. ताईने नोकरी लागल्या लागल्या ते कानापर्यंत कापून टाकले आणि विषय मिटवला. बेबीला मात्र चाळिशीनंतर कोणत्या तरी व्हिडिओतून कळलं की आपले केस वाईट नाहीत, आपण त्यांना समजून घेत नाही. जवस पाण्यात उकळायचे, अंड्याच्या पांढऱ्यासारखं दाट झालं की गरम असतानाच गाळायचे, त्यात कोरफडीचा गर घालायचा आणि ओल्या केसांना लावून ते मुठीत दाबायचे. वाळले की एकेक बट स्प्रिंगसारखी उभी.

"केस छान दिसतात, ते मी नाकारत नाही," ताई नवऱ्याला म्हणाली होती. "पण माझं स्वयंपाकघर बघा!"

स्वयंपाकघराची अवस्था बघवत नव्हती. गार झालं की ते जेल गाळणीतून खाली उतरायचं नाव घेत नसे, म्हणून बेबीने ताईचे नायलॉनचे लांब मोजे कापून त्यांची गाळणी केली होती. गाळून झालं की ती गाळणी पिळून बाथरूमच्या नळावर लटकायची. सिंक दोनदा तुंबलं. ताईचा नवरा भूगोलाचा मास्तर आणि भांडणापासून चार हात लांब राहण्यात पटाईत. तो एकदा सांडलेल्या जेलवरून असा घसरला की दोन दिवस उभ्यानेच शिकवत होता. तरी बेबीला बोलला नाही. उलट एका सकाळी ताईने पाहिलं, तर आरशासमोर उभा राहून मिशीला तेच लावत होता.

"तुम्हीसुद्धा?"

"टोकं नीट बसतात गं," तो ओशाळून म्हणाला.

ताईचा पारा चढायला एवढं पुरे होतं; पण खरं कारण निराळंच होतं. ताई बावीस वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये जंतूंच्या टेबलावर काम करत होती. लोकांचे घसे, जखमा, लघव्या यांतून काय काय उगवतं हे ती रोज बघत होती. घरी आली की कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय ती पाण्याच्या भांड्याला हात लावत नसे. आणि त्या दिवशी दुधाला जागा करताना तिने एका बरणीचं झाकण उघडलं, तर वरवर लव्हेंडरचा आणि त्याच्याखाली आंबूस, ओशट वास आला.

"बेबी, हे कधीचं आहे?"

"ते होय? झाले असतील पंधरा-वीस दिवस. गेल्या आठवड्यापर्यंत खिडकीतच होतं, काही झालं नाही त्याला."

"ते खराब झालंय."

"खराब कसं होईल? नैसर्गिक आहे ताई. बाजारच्या जेलसारखं मेलेलं नाही, जिवंत आहे ते."

"जिवंत आहे हेच तर मला कळतंय!"

बेबीने खांदे उडवले आणि पुढचे जवस भिजत घातले. बोलण्यात अर्थ नाही हे ताईला कळून चुकलं. तिने एका निर्जंतुक डबीत चमचाभर जेल घेतलं, लॅबमध्ये नेलं, मोठ्या डॉक्टरीण बाईंची परवानगी काढली आणि जंतू वाढवायच्या दोन प्लेटांवर त्याच्या रेघा ओढून त्या उबवायला ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, प्लेट उघडायचीही गरज पडली नाही. काचेतूनच हिरवट झाक दिसत होती. इस्पितळांना घाम फोडणारे जंतू होते ते, जखमेत शिरले तर जखम चिघळवणारे. डॉक्टरीण बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "कोणत्या वॉर्डातला नमुना?"

"माझ्या फ्रीजमधला," ताई म्हणाली. तिला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

शनिवारी ताईला सुटी होती. सकाळी नाश्त्याला बसल्या बसल्या तिने प्लेटचा फोटो बेबीसमोर धरला आणि जंतूंचं नाव, गाव, कुळ सगळं सांगितलं. बेबीने फोटो निरखून पाहिला. "हिरवा रंग किती सुंदर आहे नाही!" ती म्हणाली.

ताईने कपाळावर हात मारून घेतला. "बाहेर किती जणांना दिलंस?"

"फार नाही गं."

"आकडा सांग."

"सतरा."

ताईचा घास हातातच राहिला. सतरा बरण्या, याच इमारतीत, सहा मजल्यांवर. तिने बेबीच्या हातात पिशवी दिली, स्वतः दुसरी घेतली आणि दोघी दारोदार निघाल्या.

वाटलं होतं, सांगितलं की लोक घाबरून बरणी परत देतील. कसचं काय! तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, "माझ्या भुवया पहिल्यांदाच जागेवर बसल्यात, बाई. जंतू-बिंतू मला चालतात." पहिल्या मजल्यावरची पोहण्याची शिक्षिका बरणी पाठीमागे लपवून म्हणाली, "अहो, तुमची बहीण म्हणजे जादूगार आहे! आणखी एक मिळेल का?" ताई जिन्यात उभी राहून एकेकाला जंतूंचे धडे देत होती आणि लोक तिच्या डोक्यावरून बेबीकडे बघून गोड हसत होते. बेबीही हसत होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत ताईचा घसा बसला आणि पिशवीत जमा झाल्या होत्या जेमतेम चार बरण्या.

चौथ्या मजल्यावर, ताईच्या घराच्या बरोबर वर, टायपिस्ट काकू राहायच्या. कोर्टात पस्तीस वर्षं टायपिंग करून निवृत्त झालेल्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या, कडक जिभेच्या बाई. दार त्यांच्या सुनेने उघडलं.

"आई नाहीत. डोळ्यांच्या दवाखान्यात सोडून आत्ताच आले मी. मोतीबिंदू आहे ना, दुपारी ऑपरेशन आहे." आणि मग कौतुकाने बेबीकडे वळून, "पंधरा दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही म्हणालेत. म्हणून सकाळी तुमचं जेल लावून केस असे काय बसवून घेतलेत त्यांनी, बघत राहावं!"

ताईने बेबीचं मनगट धरलं आणि जिना उतरायला लागली. दवाखान्याचा फोन कोणी उचलत नव्हतं. टॅक्सीत बसल्यावर बेबी म्हणाली, "डोक्याला लावलंय ताई, डोळ्याला नाही."

"बेबी," ताई दातओठ खात म्हणाली, "त्या डोळ्याला चीर देणार आहेत. आणि तुझं जेल त्याच्यापासून चार बोटांवर पंधरा दिवस बसणार आहे. तू आता एक शब्द बोलू नकोस."

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर काकू हिरवा झगा घालून खुर्चीत बसल्या होत्या. लाटांमागून लाटा याव्यात तसे पांढरे केस कपाळावरून मागे गेले होते. ताईने नर्सला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. नर्सने आधी तिच्याकडे, मग बेबीकडे पाहिलं. "लोक ऐन ऑपरेशनच्या दिवशी हे असलं कसं काय करतात हो?" असं म्हणून ती आत डॉक्टरांकडे गेली.

"काय कुजबुज चाललीय?" काकूंनी विचारलं. "मला दिसत नाही नीट, पण ऐकू येतं."

"काकू, केस धुवावे लागतील," ताई म्हणाली.

"मुळीच धुणार नाही! तास लागलाय मला. आणि पाच महिन्यांनी नंबर लागलाय माझा, आता काही खोडा घालू नका. बेबी, तू सांग गं हिला. चांगली वस्तू आहे ना ही?"

ताईला वाटलं, आता ही पुन्हा जिवंत-मेलेलं सुरू करणार. पण बेबी काकूंच्या खुर्चीपाशी खाली बसली.

"नाही काकू. ते नासलेलं आहे. तुमच्या बरणीला वास यायला लागला होता. माझ्या लक्षात आलं होतं. मी त्यात लव्हेंडरचे थेंब टाकले आणि तुम्हाला दिलं."

इतका वेळ ताईला वाटत होतं की बहीण बावळट आहे, हट्टी आहे, तिला काही कळत नाही. तिला कळत होतं, हे ताईच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

डॉक्टरांनी येऊन निकाल दिला: आज नाही. केस आज धुवायचे, तीन दिवस नुसत्या साबणपाण्याने स्वच्छ ठेवायचे, मग मंगळवारी बघू. काकूंनी दोघींची अशी खरडपट्टी काढली की बाकड्यावरचे इतर पेशंट डोळ्यांवरची पट्टी वर करून बघायला लागले. नर्सने कोपऱ्यातलं बेसिन दाखवलं. बेबीने आधी हात धुतले, कोपरापर्यंत, ताई धुवायची तसे. मग काकूंचं डोकं मागे टेकवून ती केस धुवायला लागली आणि ताई मगने पाणी घालत राहिली. पाणी लागताच वाळलेलं जेल पुन्हा बुळबुळीत व्हायचं. पाच वेळा धुतलं तेव्हा कुठे केस हाताला करकरीत लागले. लाटा गेल्या, आणि काकूंचं डोकं एकदम लहान, चिमणीएवढं दिसायला लागलं.

काकूंना घरी सोडल्यावर जिन्यात ताईने विचारलं, "वास आला होता तर टाकून का नाही दिलंस?"

बेबी कठड्याला टेकून उभी राहिली. "पाच महिन्यांत दार वाजलं की ते तुझ्यासाठी नाहीतर भावोजींसाठी असायचं. मग लोक मला विचारत यायला लागले. काकू चार मजले... नाही, एक मजला, पण न दिसणाऱ्या डोळ्यांनी उतरून आल्या होत्या. तेव्हा त्या जुन्या खेपेतल्याच दोन-तीन बरण्या शिल्लक होत्या ताई. त्यांना रिकाम्या हाती कसं पाठवू?"

ताईकडे बोलायला पुष्कळ होतं. सकाळपासून साठलेलं सगळं जिभेवर होतं. पण बसलेल्या घशातून बाहेर पडलं ते एवढंच, "उरलेल्या बरण्या तू एकटीने गोळा करायच्यास."

बेबीने त्या गोळा केल्या. प्रत्येक दारात तिने काकूंना सांगितलं तेच सांगितलं, की ते नासलेलं आहे आणि मला माहीत होतं. जंतूंच्या धड्यांनी जे झालं नव्हतं ते या वाक्याने झालं. शिंप्याने लगेच बरणी काढून दिली. पोहण्याच्या शिक्षिकेने दार जरा जोरातच लावलं. संध्याकाळपर्यंत सतराच्या सतरा बरण्या ताईच्या ओट्यावर आल्या. फ्रीजमधल्याही दोघींनी मिळून रिकाम्या केल्या, आणि सिंक तिसऱ्यांदा तुंबलं.

मंगळवारी काकूंचं ऑपरेशन सुरळीत झालं. सून दिवसभर नोकरीवर, तेव्हा दिवसातून चार वेळा डोळ्यांत औषध घालायचं काम बेबीने मागून घेतलं. काकूंनी आढेवेढे घेतले, पण शेवटी दार उघडलं. दर वेळी पहिला प्रश्न ठरलेला, "हात धुतलेस?" आणि बेबी पुन्हा जाऊन धुऊन यायची.

आठव्या दिवशी ताईही सोबत गेली, काकूंची क्षमा मागायची राहिली होती म्हणून. काकूंच्या डोळ्यावरचं झाकण काढलेलं होतं. खिडकीतून भरपूर उजेड येत होता. बेबी औषधाची बाटली घेऊन वाकली, तशी काकूंनी तिची हनुवटी धरून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ न्याहाळला.

"अगो, तू एवढी थोराड आहेस होय!" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कॉलेजात जाणारी पोरगी आहेस. म्हणून तर सोडून दिलं मी तुला. नाहीतर त्या दिवशी दोन थोबाडीत दिल्या असत्या."

ताईला हसू आवरेना. बेबीने मात्र निमूटपणे औषध घातलं, बाटलीचं झाकण लावलं, काकूंना नमस्कार केला आणि बाहेर पडली. तिसऱ्या मजल्यावर आल्यावर तिने विचारलं, "थोराड म्हणजे किती गं, ताई?"

"चल घरी."

"नाही, पण केसांमुळे वाटत असेल ना? की चेहऱ्यावरून? मधाचा एक लेप असतो म्हणे, घरच्या घरी होतो."

"बेबी!" ताई इतक्या मोठ्याने ओरडली की खालच्या मजल्यावरचं एक दार उघडलं.