चौथा होल तिरका

मी एक लोखंडाची चकती. कारखान्यात मला फ्लँज म्हणतात. दोन पाइप जोडायचे असले की त्यांच्या तोंडाशी माझ्यासारख्या दोघी समोरासमोर बसवतात, चार होलांतून चार बोल्ट घालतात आणि आवळून टाकतात. माझ्यासोबत घडलेल्या सगळ्या बहिणी आज कुठे ना कुठे पाइपाला चिकटून बसल्या असतील. मी एकटीच मेणबत्त्या धरते. वर्षातले चार रविवार, भोसरीतल्या एका भाड्याच्या खोलीत, दारासमोरच्या छोट्या टेबलावर.

माझा जन्म एमआयडीसीतल्या बबनरावांच्या वर्कशॉपमधला. पत्र्याची शेड, आत सहा मशिनं आणि दाराशी चहाची किटली. लेथवर मला गोल केलं ते सिलासने. त्याचा हात हलका होता. काम झालं की अंगावरून अंगठा फिरवून बघायचा, कुठे खरखर राहिली का. मग त्याने मला ड्रिल मशीनकडे सरकवलं. तिथे त्याचा धाकटा भाऊ विक्की उभा होता. अठरा वर्षांचा, नववीत शाळा सोडलेला, आणि कामावरचा तिसरा दिवस.

विक्कीला सगळ्याचीच घाई. भाकरी तव्यावर असतानाच तुकडा तोडणाऱ्यातला. माझे तीन होल त्याने झकास पाडले. चौथ्याच्या आधी मला घट्ट धरणारा क्लॅम्प सैल झाला होता, ते त्याने बघितलंच नाही. मी कलले आणि ड्रिल तिरकं घुसलं. त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. तिथल्या प्रत्येक कारागिराकडे आपल्या अक्षराचा पंच असतो. काम झालं की जिनसेच्या पाठीवर तो ठेवायचा आणि वर हातोडी मारायची, म्हणजे कुणाचं काम ते कळतं. विक्कीला त्याचा पंच त्याच सकाळी मिळाला होता. त्याने माझ्या पाठीवर ‘व्ही’ ठोकला, लांबून कौतुकाने बघितला आणि पुढची चकती घेतली.

संध्याकाळी माल तपासायला धोंडीबा बसला. भोसरी गावातलाच म्हातारा, डोळ्याला जाड चष्मा, पण बोटाला सगळं कळायचं. त्याने माझ्यात एक बोल्ट घालून बघितला आणि सिलासला हाक मारली.

“तुझ्या भावाचं काम बघ. गेलं पोरगं आता. शेठ कालच म्हनले, एक पीस जरी वाया घालवला तर घरी पाठवा.”

सिलासने मला हातात घेतलं. मग त्याने कानस घेतली, ‘व्ही’ घासून काढला आणि त्याच जागी आपला ‘एस’ ठोकला.

“काका, हे कुणाला कळता कामा नये. विक्कीला तर नाहीच. त्याला कळलं तर तो पुन्हा मशीनला हात लावायचा नाही.”

“शेठ तुला फाडून खातील की रं.”

“खाऊ देत. मी जुना आहे, पचेन त्यांना.”

शेठनी खरंच फाडून खाल्लं, सगळ्यांच्या देखत. विक्की कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. थोरल्या भावाकडून चूक झाली, याचं त्याला जरा हसूच येत होतं. माझ्यावर लाल रंगाचा फराटा ओढला आणि मला लाल पेटीत टाकलं. लाल पेटीतला माल म्हणजे नापास माल. तो भट्टीत जातो.

पण सिलासने मला मागून घेतलं. “शेठ, मी बिघडवली, मीच घरी नेतो.”

त्याच आठवड्यात आगमनाचा पहिला रविवार होता. नाताळाच्या आधीचे चार रविवार ख्रिस्ती घरांत वाट बघण्याचे असतात. तारणारा येणार आहे, अंधारात बसलेल्यांना हात द्यायला येणार आहे, म्हणून दर रविवारी एक एक मेणबत्ती वाढवत जायची. सिलासच्या घरी त्या चार वाट्यांत उभ्या करायचे. दारातून आत येताच त्याने मला टेबलावर आपटलं.

“आई, बघ. चार होल. जणू ह्याच्यासाठीच घडवलीये.”

त्याची आई केसरबाई एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. तिने माझा लाल फराटा बघितला आणि म्हणाली, “ह्ये तर टाकलेलं हाय की रं.”

“टाकलेलंच बरं असतं आई. कुणी परत मागत नाही.”

या रविवारांच्या मेणबत्त्या जांभळ्या असतात, तिसरी तेवढी गुलाबी. पण तसल्या भोसरीत कुठे मिळायच्या? पांढऱ्यांनाच जांभळी फीत गुंडाळली, तिसरीला गुलाबी. माझ्या भोवती सुरूच्या हिरव्या फांद्या ठेवल्या. सिलासने वाचन केलं, केसरबाईने प्रार्थना केली आणि धाकटा म्हणून काडी विक्कीने ओढली. तीन मेणबत्त्या सरळ उभ्या होत्या. चौथी कलली.

“दादा, एवढा मोठा ऑपरेटर तू,” विक्की खिदळला, “आणि हा होल? डोळे मिटून पाडला का राव?”

सिलासही हसला. त्याने मला हळूच फिरवलं आणि चौथी मेणबत्ती दाराकडे कलेल अशी ठेवली. “अरे, ती डोकावतीये. येणारा आला का, ते बघतीये.”

पुढे दर वर्षी हाच विनोद झाला. चार वर्षं. नाताळ झाला की माझ्यावरचं मेण खरवडायचं काम सिलास दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाही. मला उलटी करायचा, पुसायचा आणि फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवायचा. माझी पाठ विक्कीने कधी बघितलीच नाही. दर वर्षी त्याने टिंगल केली की मला वाटायचं, सांगून टाकावं. पण लोखंडाला तोंड कुठे असतं?

या वर्षी एप्रिलमध्ये, ईस्टरनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, दोघे भाऊ मोटारसायकलवरून तयार माल पोचवायला चाकणला गेले होते. परत येताना निघोज्याच्या फाट्याजवळ मागून कंटेनरचा धक्का लागला. विक्की मातीत फेकला गेला, त्याला खरचटलंही नाही. सिलास डांबरावर पडला. विक्कीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि फोन लावला. अँब्युलन्स निघालीये, म्हणाले. पुन्हा लावला. येतीये, म्हणाले. रस्त्यावर दोन्हीकडून गाड्यांची भिंत उभी होती. पन्नास मिनिटं विक्की भावाला सांगत राहिला, “दादा, येतायत. येतायतच.” अँब्युलन्स आली तेव्हा घाईचं काही उरलं नव्हतं.

हे मी बघितलं नाही. मी कपाटावर होते. पण खाली खोलीतलं रडणं फडक्यातूनही ऐकू येतं.

नोव्हेंबर सरता सरता केसरबाईने मला खाली काढलं. सुरूच्या फांद्या मांडल्या, मेणबत्त्या लावल्या, काडेपेटी विक्कीपुढे ठेवली. त्याने तिला हात लावला नाही.

“कशाला लावायची?”

“आगमनाचा पैला रविवार हाय.”

“येणार, येणार! त्या दिवशी फोनवर पण हेच म्हणत होते, येतायत. कोण आलं आई? मी तिथं रस्त्यावर त्या तारणाऱ्याच्या नावाने ओरडत होतो, ये म्हणून. कोण आलं?”

केसरबाईने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, “मला न्हाई ठावं बाळा. ठावं असतं तर वाट कशाला बगितली असती?”

“मग बघ तू एकटी.” त्याने टेबलावरून मला ओढलं. मेणबत्त्या घरंगळत पलंगाखाली गेल्या. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्याने मला पिशवीत कोंबलं आणि वर्कशॉपच्या लाल पेटीत फेकलं.

“जिथली होतीस तिथं जा.”

ज्या पेटीतून सिलासने मला उचललं होतं तीच ही पेटी. आत दाते तुटलेली गियर, वाकलेले शाफ्ट, चिरलेल्या बुशी. सगळ्यांवर लाल फराटे. दर पंधरवड्याच्या शनिवारी टेंपो येतो आणि पेटी भट्टीकडे जाते. भट्टीची मला भीती नव्हती. लोखंड भट्टीतूनच येतं, भट्टीतच जातं. पण माझ्या पाठीवर जे लिहिलं होतं ते माझ्याबरोबर वितळलं असतं. एक भाऊ दुसऱ्यासाठी काय करून गेला, याची ती एवढीच खूण होती. विक्की दिवसातून दहा वेळा पेटीजवळून जायचा. मी म्हणायचे, एकदा ये. एकदा मला उलटी कर. चार वर्षं ज्या घराला मी वाट बघताना पाहिलं होतं, त्याचं दुखणं मला तिथे कळलं. वाट बघणाऱ्याच्या हातात काही नसतं. यायचं ते येणाऱ्यालाच लागतं.

दुसरा रविवार गेला. घरी केसरबाईने तवा पालथा घातला आणि त्यावर मेण ओतून दुसऱ्याच दोन मेणबत्त्या चिकटवल्या, हे मला नंतर त्या तव्यानेच दाखवलं.

शनिवारी चहाच्या वेळेला टेंपो आला. धोंडीबा पेटीतला एक एक तुकडा वर फेकू लागला. मला उचललं तशी त्याच्या नखात मेणाची कपची गेली. त्याने बोट नाकाशी नेलं. मग माझा तिरका होल चाचपला.

“विक्की! हिकडं ये.”

विक्की चहाचा कप घेऊनच आला. “काय काका?”

“ही हितं कशी?”

“मीच टाकली. दादाने बिघडवलेला पीस आहे. जाऊ द्या गाडीत.”

“सिलासनं बिघडवलेला?”

“मग काय! विसरलात? शेठनी किती शिव्या घातल्या होत्या.”

धोंडीबाने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. “मेल्या मानसाला दिलेला शब्द हाय माजा,” तो स्वतःशीच पुटपुटला. “माफ कर बाबा सिलास. ती भट्टीत गेल्यावर मी कुनाला काय दावू?” आणि त्याने मला उलटी करून विक्कीच्या हातात दिलं. “उजेडात धर. जरा वाकडी धर. एसच्या खाली बघ.”

कानशीने घासलं तरी लोखंडाला बसलेला मार सहज जात नाही. उन्हाची तिरीप आडवी पडली आणि ‘एस’च्या खाली विक्कीचा ‘व्ही’ उमटला. पुसट, पण त्याचाच. त्याचा व्ही नेहमी एका पायावर लंगडा पडतो.

“खोटं बोलताय काका.”

“तुजा तिसरा दिवस व्हता. क्लॅम्प सैल सोडलावतास. शेठ तुला हाकलनार व्हते. त्यानं तुजं नाव घासलं आन् आपलं ठोकलं.”

विक्कीच्या हातातला कप कलंडला. तो तसाच मला घेऊन शेठच्या केबिनमध्ये घुसला. बबनराव फोनवर होते.

“शेठ, हा होल मी पाडलाय! दादाने नाही!”

बबनरावांनी फोन छातीशी धरला. “कसला होल रे?”

“ही फ्लँज. चार वर्षांपूर्वीची. तुम्ही दादाला शिव्या घातल्या होत्या. चूक माझी होती.”

“चार वर्षं?” शेठनी मला बघितलं, त्याच्याकडे बघितलं. “अरे बाबा, मला कालचं आठवत नाही. जा, काम कर.”

ज्यांच्या धाकाने सिलासने सगळं अंगावर घेतलं, त्यांना त्यातलं काही आठवतही नव्हतं. विक्की बाहेर आला तो तडक कानशीकडे गेला. ‘एस’ घासून आपला ‘व्ही’ वर आणायचा, भावाच्या नावावरचा डाग काढायचा, असं त्याच्या डोक्यात होतं. माझ्या पाठीवर कानस टेकली.

“घास,” धोंडीबा मागून म्हणाला. “पन त्याच्या हातचं मग काय उरल, त्ये सांग.”

कानस खाली पडली. विक्की लाल पेटीला टेकून जमिनीवर बसला आणि एप्रिलपासून जे अडलं होतं ते सगळं बाहेर आलं. माझ्यावरच पडत होतं. मिठाच्या पाण्याने मला गंज चढतो, पण त्या दिवशी मला त्याची पर्वा नव्हती. टेंपोवाल्याने दोनदा हॉर्न दिला आणि मला सोडून निघून गेला.

काल तिसरा रविवार झाला. विक्कीने मला केसरबाईच्या मांडीवर उलटं ठेवलं आणि सगळं सांगितलं. तिने ‘एस’वरून बोट फिरवलं. सिलाससारखा अंगठा नव्हे, बोट. पुन्हा फिरवलं. लहान मुलाचं कपाळ चाचपतात तसं.

“आई, मी म्हणत होतो कोणी येत नाही,” विक्की म्हणाला. “माझ्यासाठी आलं होतं गं. मला कळलंच नाही.”

सिलाससाठी त्या रस्त्यावर वेळेत कुणी का आलं नाही, हे त्या दोघांना अजून ठाऊक नाही. मलाही नाही. मी चकती आहे, मला चार होल आहेत, उत्तरं नाहीत. पण केसरबाईने डोळे पुसले, मला सुलटं केलं आणि पलंगाखालून मेणबत्त्या काढल्या.

विक्की काडेपेटी हातात घेऊन घुटमळला. “माझे दोन रविवार बुडाले.”

“त्यो काय कंपनीचा गेट हाय व्हय, हजेरी घ्यायला? लाव.”

त्याने तीन लावल्या. पहिली, दुसरी आणि गुलाबी फितीची तिसरी. घाईत एक काडी मोडली, बोट भाजलं. तो अजून तसाच आहे, आणि मला तो तसाच हवा आहे.

तुमच्याही घरात माझ्यासारखं काही पडलेलं असेल. बिघडलेलं, ज्यावर तुम्ही वर्षानुवर्षं हसत आलात असं. भंगारात देण्याआधी एकदा उलटं करून बघा. एवढंच मागते.

चौथी मेणबत्ती अजून कोरी आहे. तिला अजून सहा दिवस आहेत. काल झोपण्याआधी विक्की पुन्हा टेबलाशी आला, मला दोन्ही हातांनी धरलं आणि हळूहळू फिरवलं. चौथी दाराकडे कलेपर्यंत.