खोडलेली ओळ

नव्या आवृत्तीची पेटी आली तेव्हा कातारीण लेथवर लाकडाची इवलीइवली पिंपं कातत होती आणि तिची नणंद खिडकीपाशी बसून खलाशांच्या डोक्यावर निळ्या टोप्या रंगवत होती. घरामागच्या त्या लांबट खोलीत दोघींची दुपार अशीच जायची. मशीनची घरघर चालू असली की नणंद गप्प, आणि मशीन थांबलं की कातारीण गप्प, कारण मग नणंदेला बोलायला मोकळं रान मिळायचं.

मशीन सासऱ्यांचं. त्यांच्या मुलाचं, म्हणजे कातारणीच्या नवऱ्याचं, लाकडाशी कधी जमलं नाही. तो शहरात बस चालवायचा आणि त्यात सुखी होता. सून मात्र लग्नानंतर वर्षभर नुसती दारात उभी राहून बघायची. मग वीस वर्षांपूर्वी एके दिवशी सासऱ्यांनी पटाशी तिच्या हातात दिली आणि स्वतः बाजूला झाले. बारा वर्षांपूर्वी चित्रकलेचे एक मास्तर काखेत पुठ्ठा मारून त्यांच्याकडे आले. त्यांनी घरी बसून बंदराचा खेळ तयार केला होता. चौघांनी खेळायचा, आपापलं बंदर वाढवायचं. त्यासाठी चार दीपगृहं, वीस खलाशी आणि चोवीस पिंपं हवी होती, प्रत्येक पेटीत. सासऱ्यांनी पुठ्ठा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "हे नाजूक काम माझ्या हातून नाही व्हायचं. सुनेला विचारा."

पहिल्या वर्षी दोनशे पेट्या निघाल्या. मास्तर स्वतः यायचे, स्टुलावर बसून चहा प्यायचे, एकेक दीपगृह डोळ्यांपुढे धरून खूश व्हायचे. पुढे काय झालं कुणास ठाऊक, पण लोकांना अशा खेळांचं वेडच लागलं. ज्यांच्या घरी एखादा पत्त्यांचा जोड असायचा त्यांच्या घरी आता खेळांच्या पेट्यांनी भिंती भरल्या. मास्तरांनी नोकरी सोडली, कंपनी काढली, कंपनीला काचेची दारं आली. यंदा आठ हजार पेट्या निघायच्या होत्या. पहिली पेटी एका बऱ्या शर्टाच्या किमतीत यायची. आता एका पेटीच्या पैशांत शर्ट, पँट, बूट येऊन वर कोटाचं शिवणकाम सुटलं असतं.

दर आवृत्तीची एक पेटी कंपनी कातारणीकडे पाठवायची, तशी हीही आली. नणंदेने ब्रश पाण्यात टाकला, झाकण उघडलं, आतलं पत्रक काढून वाचायला घेतलं आणि एकदम ओरडली, "वहिनी, मशीन बंद कर आधी! तू श्रीमंत झालीस आणि मला सांगितलंसुद्धा नाहीस!"

"काय झालं, वन्सं?"

"ऐक. 'प्रिय खेळाडूंनो, या पेटीतली प्रत्येक सोंगटी आमचे कारागीर हाताने कातून देतात. कारागिरांचे दर वाढल्यामुळे यंदा किंमत वाढवणे आम्हाला भाग पडले आहे.' आता सांग, कुठे लपवलेस पैसे?"

कातारणीने हात पुसले, पत्रक घेतलं आणि ती ओळ दोनदा वाचली. तिचा दर सहा वर्षांत एका छदामाने वाढला नव्हता. सहा वर्षांपूर्वी तिने विषय काढला तेव्हा मास्तर म्हणाले होते, "ताई, यंदा जरा ओढाताण आहे. पुढच्या वर्षी नक्की." त्यानंतर पाच पुढची वर्षं येऊन गेली होती. ती काही बोलली नव्हती, कारण तिला वाटायचं, माणूस ओळखीचा आहे, आपण होऊन देईल.

तिने कंपनीत फोन लावला. मास्तर मीटिंगमध्ये होते. फोन खरेदीसाहेबांनी घेतला. हा माणूस दोन वर्षांपूर्वी आलेला, बोलणं साखरेचं.

"मॅडम, बरं झालं तुम्हीच केलात. ऑर्डर दुप्पट होतेय, अभिनंदन! तेव्हा दर थोडा खाली यायला हवा. बाकीचे कारागीर दहा टक्के कमी करायला तयार झालेत."

"बाकीचे म्हणजे कोण?"

"ते सांगायची पद्धत नाही. आणि हो, यंदा खेळांच्या मेळाव्यात आपल्या स्टॉलवर तुम्ही हव्यात. लेथ आम्ही मांडतो. लोकांना कारागीर बघायला फार आवडतं."

कातारणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण फोन आपटायच्या आत ती एवढंच म्हणाली, "येते."

"येतेस?" नणंदेचे डोळे विस्फारले. "दर कमी करून वर खेळ दाखवायला जातेस? अस्वलवाल्यासारखा?"

"दर मी कमी केलेला नाही," कातारीण म्हणाली. "आणि मी काय दाखवायचं ते मी ठरवीन."

मेळावा एका विमानाच्या शेडएवढ्या मोठ्या हॉलमध्ये होता. दारापासून कोपऱ्यापर्यंत रांगा. कुणी पाठीवर पिशव्या, कुणी चाकांच्या बॅगा घेऊन आलेले, आणि जो तो दुसऱ्याच्या बॅगेत डोकावून विचारत होता, काय मिळालं, कितीला मिळालं. कंपनीच्या स्टॉलवर तिच्या हातांचा फोटो लावला होता, दोन पुरुष उंचीचा. नखात अडकलेला भुसासुद्धा दिसत होता. चेहरा मात्र कापला होता. खाली सुंदर अक्षरांत लिहिलं होतं, 'या हातांची किंमत'.

नणंद फोटोकडे बघून म्हणाली, "निदान नखं तरी काढायला सांगायचं होतं मेल्यांनी."

कातारणीने मशीन चालू केलं. लाकडाची साल सळसळत निघू लागली तशी माणसं जमली. दीपगृह हळूहळू आकाराला येताना बघून लोक खरोखरच माना डोलवत होते, आणि तिलाही बरं वाटत होतं. कामाचं कौतुक कुणाला नको असतं? तासाभरात एक बाई पुढे आल्या. नर्सचा गणवेश अंगावर तसाच, ड्युटीवरून थेट आलेल्या. त्यांनी पेटी उचलली, किंमत बघितली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"घरी चौघं आहोत, रोज संध्याकाळी खेळतो," त्या कातारणीला म्हणाल्या. "जुनी पेटी झिजली. ही जरा महागच पडतेय, पण तुमच्या हातचं काम बघितलं आणि वाटलं, ताई, तुम्हाला तुमचं मोल मिळायलाच हवं. म्हणून घेतेच."

कातारणीने पायानेच मशीनचं बटण बंद केलं. त्या बाईंना वाटत होतं, आपण पोटाला चिमटा काढून दिलेला पैसा कातारणीला मिळतोय. ते ऐकून गप्प बसणं म्हणजे तो पैसा खिशात घातल्यासारखंच होतं.

"बाई," ती म्हणाली, आणि मशीनच्या खोलीत बोलायची सवय असल्याने तिचा आवाज तीन स्टॉलपर्यंत गेला, "माझा दर सहा वर्षांत वाढलेला नाही. यंदा उलट कमी करायला सांगितलाय. तुम्ही पेटी घ्या नाहीतर नका घेऊ, तुमची खुशी. पण माझ्यासाठी म्हणून घेऊ नका."

गर्दीत मागून कुणीतरी विचारलं, "पण पत्रकात तर लिहिलंय..."

"पत्रकात लिहिलंय ते खोटं आहे."

खरेदीसाहेब धावत आले. हसत होते, पण कान लाल झाले होते. "मॅडम दमल्यात. जरा चहा घ्या, मॅडम."

"चहा नंतर. मास्तरांना बोलवा."

मास्तर स्टॉलच्या मागच्या पडद्यातून बाहेर आले. अंगात सूट, पण बोटांवर पूर्वीसारखाच शाईचा डाग. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ताई, हे असं चारचौघांत?" ते हळूच म्हणाले.

"चारचौघांत तुम्हीच लिहिलंत, मास्तर. आठ हजार पेट्यांत लिहिलंत. मी तर एकदाच बोलले."

"आपण आत बसून बोलू. दराचं बघू काहीतरी."

"दराचं नंतर बघा. आधी ही ओळ. एकतर ती खरी करा, नाहीतर काढून टाका."

"छापून झालंय सगळं. आता कसं काढणार?"

कातारणीने कानामागची सुताराची जाड पेन्सिल काढली, मांडून ठेवलेल्या पेटीतलं पत्रक हातात घेतलं आणि ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत खोडली. "असं," ती म्हणाली.

मास्तर काही बोलायच्या आत नर्सबाईंनी आपली पेटी पुढे केली. "माझ्यातली पण खोडा. घेतेय मी, खेळ आवडतो म्हणून." त्यांच्यामागे एकजण सरकला, त्याच्यामागे आणखी दोघं. बघता बघता पैसे द्यायच्या रांगेपेक्षा ओळ खोडून घ्यायची रांग लांब झाली. नणंद तिथेच उभी राहून रांग लावत होती: "एकेक करून, ढकलाढकली नको, पेन्सिल एकच आहे!" खरेदीसाहेब कधी मास्तरांकडे तर कधी रांगेकडे बघत होते. पेट्या तर विकल्या जात होत्या, मग ओरडायचं कुणावर आणि कशासाठी, हेच त्यांना कळेना.

चौथ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. ऑर्डर रद्द. पुढच्या आवृत्तीत सोंगट्या प्लास्टिकच्या असतील.

नवऱ्याने पत्र वाचलं, घडी घालून ठेवलं आणि म्हणाला, "बस तर चालू आहे ना आपली? मग झालं." पण बसच्या पगारात दोन घरांचं भागत नव्हतं, कारण नणंदेचंही पोट त्या खोलीवरच होतं. कातारणीने पलंगाचे पाय घेतले, जिन्याचे कठडे घेतले, एका दुकानाच्या दोनशे कपाटमुठी घेतल्या. रंगवायचं असं त्यात काहीच नव्हतं. नणंद पॉलिश करायची, आणि पहिल्या आठवड्यात ती कधी नव्हे ती गप्प होती. मग एक दिवस मोबाइल नाचवत आली.

"वहिनी, बघ! त्या मेळाव्यातल्या पेट्या लोक आता दुप्पट किमतीला विकताहेत. 'खोडलेली प्रत' म्हणतात तिला. तुझं दीपगृह राहिलं बाजूला, तुझी रेघ महाग झाली!"

कातारीण हसली, पण तिला ते फारसं आवडलं नाही. रेघ मारायला अर्धा क्षण लागला होता, दीपगृहाला वीस वर्षं.

त्याच संध्याकाळी एक फोन आला. आवाज म्हातारा, खणखणीत.

"मी भोवरेवाला. भोवरे करतो, आणि त्या कंपनीची पिंपंही कातायचो, तुझ्याकडून उरलेली. पोरी, एक विचारू? तू दर दहा टक्के कमी करायला हो म्हणालीस, असं त्या खरेदीवाल्याने मला सांगितलं. म्हणून मीही मान्य केलं. आणि आता ऐकतो तर तू तिथे बोंब ठोकलीस!"

"काका," कातारीण म्हणाली, "मला सांगितलं की तुम्ही कमी केलात."

पलीकडून म्हातारा असा हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "इतकी वर्षं एकाच पेटीत आपली लाकडं शेजारी बसतात," तो म्हणाला, "आणि आपण दोघं कधी बोललो नाही. चूक आपलीच."

त्यानंतर ते रोज बोलले. लाकूड कितीला पडतं, एका पेटीला किती वेळ जातो, डोळ्यांना किती त्रास होतो, सगळं. आणि दोघांनी मिळून एक दर ठरवला. त्याखाली कुणीच कातायचं नाही.

दोन महिन्यांनी मास्तर आले. मोटार कोपऱ्यावर ठेवून चालत आले आणि दारात उभे राहिले. नणंदेने स्टूल पुढे केलं, पण कपाटमुठी पॉलिश करायचं काही थांबवलं नाही.

"प्लास्टिकचे नमुने आले," मास्तर म्हणाले. "खलाशी बरे दिसतात. दीपगृह मात्र औषधाच्या बाटलीसारखं दिसतं. आधी पैसे भरलेले लोक परत मागताहेत. भोवरेवाल्या काकांकडे गेलो होतो, ते म्हणाले..."

"माहीत आहे काय म्हणाले ते."

"ताई, मी चोर नाही. पुठ्ठा महागला, जहाजाचं भाडं तिप्पट झालं, ज्यांनी पैसा घातलाय ते दर महिन्याला विचारतात, नफा किती. मी कुठून आणू?"

"खरं असेल, मास्तर. मग तेच लिहायचं होतं ना! पुठ्ठा महागला तर पुठ्ठा महागला म्हणून लिहा. पैसेवाल्यांना जास्त हवेत तर तसं लिहा. माझ्या खांद्यावर बंदूक कशाला?"

मास्तरांनी मान खाली घातली. बराच वेळ ते जमिनीवरच्या भुशात बुटाचं टोक फिरवत राहिले. "ती ओळ मी लिहिली नव्हती," ते शेवटी म्हणाले. "पण वाचली होती. आणि जाऊ दिली."

"तेवढं बोललात, बरं झालं." तिने फळीवरचा कागद काढून त्यांच्या हातात दिला. "हा आमचा दर. काकांचा आणि माझा एकच. निम्मे पैसे आधी. आणि बोलणं तुमच्याशी, खरेदीसाहेबांशी नाही."

मास्तरांनी आकडा बघितला आणि भुवया वर गेल्या. "संचालक मान्य करणार नाहीत."

"मग संचालकांना पाठवा इकडे. पटाशी धरायला मी शिकवीन, फुकट."

नणंद फसकन हसली. मास्तरांनाही हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं, कागद खिशात घातला आणि गेले.

दहा दिवसांनी ऑर्डर आली, आठ हजारांची नव्हे, तीन हजारांची. लाकडी सोंगट्यांची वेगळी पेटी निघणार होती, बाकीची प्लास्टिकची. दर दोघांनी ठरवला तोच. सोबत नव्या पत्रकाचा मसुदा होता आणि त्यात पुठ्ठा होता, जहाज होतं, कारागिरांचं नाव कुठेही नव्हतं. कातारणीने सगळं दोनदा वाचलं. आगाऊ रकमेचा मात्र कुठेच उल्लेख नव्हता.

"सही करून टाक गं," नणंद म्हणाली. "एवढं मिळालं ते थोडं आहे का? त्यांनी पुन्हा मन बदललं तर?"

"बदलू दे."

तिने कागद सही न करता परत पाठवला आणि काकांना फोन करून सांगितलं. काकांनीही आपला परत पाठवला होता, त्याच सकाळी, तिला न विचारता.

सहा दिवस काही आलं नाही. नणंद रोज दोनदा दारात जाऊन बघायची. कातारीण जिन्याचे कठडे कातत राहिली, आणि कुणी विचारलं तर सांगायची, काम आहे भरपूर. सातव्या दिवशी दुसरा कागद आला, निम्मे पैसे सोबत घेऊन, खाली मास्तरांची सही. तिने आपली सही केली, उरलेले कठडे बाजूला रचले आणि पांढरं लाकूड चढवून मशीन चालू केलं. नणंदेने निळ्या रंगाचं झाकण उघडलं. रंग वाळून दगड झाला होता, म्हणून ती शिव्या घालत नवा डबा आणायला बाजारात गेली.