चार वेळा लिहिलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. ॲल्युमिनियमचा, चपटा, तुमच्या शाळेच्या डब्याएवढा. एका डिझेल गाडीत, पुढच्या सीटवरचा माणूस पाय ठेवतो तिथल्या पत्र्याआड, मला चार स्क्रूंनी आवळून बसवलेलं आहे. कागदोपत्री मी इंजिनाचा कॉम्प्युटर आहे, मेकॅनिक मला गाडीचं डोकं म्हणतात. इंजिनाला किती डिझेल पाजायचं आणि किती हवा द्यायची, हे मी ठरवतो.

आधीच सांगून ठेवतो, मी संशयी आहे. धंदाच तसा पडला. गाडीभर माझे खबरे पेरलेले आहेत. कुणी पाण्याची उष्णता कळवतो, कुणी हवेचा दाब. पण एकट्यादुकट्याच्या शब्दावर मी हलत नाही. ॲक्सिलरेटर किती दाबला हे सांगायला तर दोघेजण नेमलेत. दोघांचं पटलं नाही की मी दिवा लावतो आणि गाडीची गोगलगाय करून टाकतो. लोकांना राग येतो. येऊ दे.

माझा जन्म झाला त्या खोलीत धुळीचा कणही चालत नसे. सगळे डोक्यावर टोप्या घालून, तोंड बांधून काम करत, त्यामुळे मला कुणी घडवलं ते विचारू नका, मी एकाचाही चेहरा पाहिलेला नाही. शेवटच्या टेबलावर एका बाईने माझ्यात तार खुपसली आणि माझ्यावर पहिल्यांदा लिहिलं. किती दाबापर्यंत जायचं, कुठे थांबायचं, काय दिसलं की ओरडायचं, सगळे नियम त्यात होते. त्याच वेळी माझ्या एका कोपऱ्यात मोजणी सुरू झाली. माझ्यावर कुणी लिहिलं की तो आकडा एकाने वाढतो आणि गाडी तेव्हा किती किलोमीटर चालली होती, तेही शेजारी टिपलं जातं. मला नुसतं वाचलं तर काही वाढत नाही. लिहिलं की वाढतं, आणि वाढलेलं कमी होत नाही. एवढं ध्यानात ठेवा, पुढची सगळी रड त्याच्यावरूनच आहे.

माझी गाडी एका जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी घेतली. म्हैस चरेनाशी झाली, गाय अडली, घोडा लंगडू लागला की त्या निघायच्या. मागच्या सीटवर औषधांच्या पेट्या, दोरखंड, गमबूट. काम आटोपलं की त्या बॉनेटवर थोपटायच्या आणि म्हणायच्या, "गुणाची आहे हो." ते ऐकून मला इतका आनंद व्हायचा की मी स्वतःवरच संशय घ्यायचो.

डॉक्टरीणबाई तोंडावर खरं सांगणाऱ्या होत्या. "ही आता जगायची नाही," हे त्या मालकाच्या डोळ्यांत बघून सांगत. पण म्हणूनच, "जगेल" असं त्या म्हणाल्या की रात्रभर गोठ्यात बसलेली माणसं उठून जेवायला जायची. पाच-पन्नास वस्त्यांत त्यांच्या शब्दावर सगळं चालायचं. तेवढीच त्यांची कमाई, असं त्या स्वतः म्हणत.

त्यांचे यजमान शाळेत गणित शिकवत. सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही सर म्हणतो. माणूस मऊ. बायकोने सकाळी केलेली तक्रार संध्याकाळपर्यंत मनात घोळवणारा. आणि बाईंची एक तक्रार रोजची होती. दगडाच्या खाणीपलीकडच्या वस्तीचा चढ फार उभा, तिथे भरलेली गाडी धापा टाकायची. "एक दिवस मी पोचेपर्यंत गाय दगावायची," असं त्या घरी येऊन म्हणायच्या.

गाडी नऊ हजार आठशे किलोमीटर चालली तेव्हा कंपनीच्या वर्कशॉपने माझ्यावर नवे नियम लिहिले. आकडा दोन झाला. ते त्यांनी त्यांच्या दप्तरातही लिहून ठेवलं. तिथवर सगळं सरळ होतं.

पुढे बाई आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बसने माहेरी गेल्या. त्याच दिवशी सरांनी गाडी बाहेर काढली. शाळेचा रस्ता सोडून ते टायरच्या दुकानामागच्या गल्लीत वळले, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. शटर अर्धं खाली ओढलेल्या गाळ्यात एक माणूस लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. माझ्यासारख्या डब्यांवरचे नियम बदलून द्यायचा, म्हणून त्याला लोक रीमॅपवाला म्हणत.

"बघा सर, कंपनी गाडीचा दम मुद्दाम दाबून ठेवते," तो म्हणाला. "मी फक्त तो मोकळा करतो. चढावर पळेल नुसती."

"पण वॉरंटी आहे अजून. तीन वर्षांची," सर म्हणाले.

"त्याची कशाला काळजी? कधी दाखवायला न्यायची झाली तर आधी माझ्याकडे या. होतं तसं करून देतो. कुणाच्या बापाला कळणार नाही."

होतं तसं! किती भाबडा शब्द आहे बघा. सरांनी मनातल्या मनात हिशेब केला असणार, एक अधिक, एक वजा, उरलं शून्य. जन्मभर फळ्यावर तेच शिकवलेलं. पण माझ्या कोपऱ्यात वजाबाकी नाही हो. होतं तसं करायलासुद्धा माझ्यावर लिहावंच लागतं.

त्याने तार खुपसली आणि लिहिलं. आकडा तीन, किलोमीटर अठरा हजार दोनशे बारा. जिथे थांबायचं असा नियम होता तिथे आता पुढे जा असं लिहिलं होतं, आणि जे दिसल्यावर ओरडायचं तिथे गप्प बस असं. मला स्वतःची लाज वाटली, पण लिहिलेलं पाळणं हाच माझा स्वभाव आहे.

दुसऱ्या दिवशी बाई माहेराहून परतल्या, गाडी चढावर घातली आणि ती उधळल्यासारखी वर गेली. घरी आल्यावर सर फाटकापाशीच उभे होते.

"अहो, हिला कुणी काही खाऊ घातलंय का?" बाई खिडकीतूनच म्हणाल्या. "मरगळलेलं जनावर एकाएकी तरतरीत झालं ना, की मी आधी मालकाचा संशय घेते. बाजारात उभं करायच्या आधी काय काय पाजतात, तुम्हाला नाही माहीत."

"हवा भरून आणली काल," सर म्हणाले. "टायरात कमी होती."

"हवेने एवढा फरक?"

"पडतो गं. घर्षण कमी होतं."

गणिताच्या सरांनी सांगितलेलं घर्षण. बाईंनी मान डोलावली. ज्या बाई अख्ख्या बाजारावर विश्वास ठेवत नसत, त्या घरातल्या माणसावर ठेवत. मला वाईट वाटलं, पण माझ्याकडे एक दिवा सोडला तर बोलायला काही नाही, आणि तोही आता गप्प केलेला.

मग एका रविवारी बाई बसने डॉक्टरांच्या सभेला गेल्या होत्या, आणि सर गाडीत बसून वॉरंटीचं पुस्तक पहिल्यांदाच नीट वाचू लागले. अनधिकृत बदलामुळे झालेल्या बिघाडाला कंपनी जबाबदार नाही, हे वाक्य त्यांनी पुटपुटत तीनदा वाचलं. त्यांची पाचावर धारण बसली. गाडी तडक गल्लीत. रीमॅपवाल्याने जुने नियम परत लिहिले. आकडा चार, किलोमीटर अठरा हजार सहाशे चाळीस. सर शीळ घालत घरी आले. सुटलो, असं त्यांना वाटलं.

"आज पुन्हा मरगळली," दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, आणि बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या. त्यांनाही काहीतरी खटकत होतं.

तीन आठवड्यांनी त्याच चढावर इंजिनातून शिट्टीसारखा आवाज आला, मागे निळा धूर झाला आणि टर्बो गेला. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. गाडी ओढून वर्कशॉपमध्ये आणली. मागची एक काचही महिनाभर अडकलेली होती, तीही दाखवायची ठरली.

कंपनीचा तपासनीस आला. हळू बोलणारा, नखं स्वच्छ कापलेली, आणि माझ्याहून संशयी. तो पुढच्या सीटवर बसला, माझ्यात तार लावली. बाई उघड्या दाराशी उभ्या होत्या, सर त्यांच्या मागे.

"गाडीच्या सॉफ्टवेअरला बाहेर कुणी हात लावलाय?"

"नाही," बाई म्हणाल्या. "हवं तर लिहून देते."

त्याने फॉर्म पुढे केला आणि बाईंनी खरंच लिहून दिलं. सर मूग गिळून बसले. मी मनातून ओरडत होतो, अहो बोला, अजून वेळ आहे! त्याने अजून आकडा उघडलेला नव्हता.

मग त्याने तो उघडला.

"बाई, ह्याच्यावर चार वेळा लिहिलंय. एक कारखान्यात, एक आमच्याकडे. उरलेले दोन कुणाचे?"

"तुमच्याच माणसांनी काहीतरी केलं असेल," बाई ताडकन म्हणाल्या. "आपली चूक माझ्या गळ्यात बांधू नका."

"अठरा हजार दोनशे बारा आणि अठरा हजार सहाशे चाळीस. तेव्हा गाडी आमच्याकडे नव्हती. एकदा बदललं आणि एकदा पुसलं. नेहमीचं आहे हे."

बाईंनी पर्समधून डायरी काढली. प्रत्येक भेटीचे किलोमीटर त्या लिहीत असत, आणि हा माणूस खोटा पडणार अशी त्यांची खात्री होती. त्यांनी पानं उलटली. पहिल्या आकड्याशी आईचं ऑपरेशन होतं. दुसऱ्याशी सभा. दोन्ही दिवशी गाडी घरी होती, आणि किल्ली एकाच माणसाकडे.

त्यांनी मागे वळून पाहिलं. सर भिंतीवरची टायरची जाहिरात वाचत होते. तिच्यावर फक्त दोन शब्द होते, ते वाचायला त्यांना फार वेळ लागला.

बाई पुन्हा तपासनिसाकडे वळल्या. "मी करून घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "चढासाठी. मी खोटं लिहून दिलं."

मित्रांनो, मी थक्क झालो. त्या बाईंच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खोटं.

तपासनिसाने टोपण लावून पेन खिशात ठेवलं. "आल्या आल्या सांगितलं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "ऑइलचा पाईप ओला दिसतोय. कदाचित तो मुळातच सदोष असेल, आणि टर्बो त्यानेच गेला असेल. पण मधल्या दिवसांत इंजिनाने काय सोसलं, ह्याची नोंदच नाही ह्या डब्यात. आता मी कशाच्या जोरावर मंजूर करू? सगळंच नामंजूर लिहितो."

"सगळं कसं?" बाईंचा आवाज चढला. "काच वरखाली करायला इंजिन लागतं का? गाय लंगडते म्हणून तिचं दूध नासकं ठरवाल?"

तो थोडा हसला. बदलामुळे जे बिघडलं असेल तेवढंच नाकारता येतं, बाकीची वॉरंटी तशीच राहते, हे त्यालाही माहीत होतं. काचेची मोटर मंजूर झाली, टर्बो नाही. तो बरोबर की चूक, मला सांगता येत नाही. त्या चारशे अठ्ठावीस किलोमीटरांत मी काय पाहिलं, मला आठवत नाही, कारण पाहू नकोस असंच माझ्यावर लिहिलेलं होतं. साक्षीदार असून मी साक्षीला निरुपयोगी ठरलो. ह्याचं दुःख मला आजही आहे.

तो कागद आणायला आत गेला. बाई गाडीत येऊन बसल्या, सरही शेजारी बसले. त्यांचे बूट माझ्यापासून वीतभर अंतरावर होते.

"मी तुझ्यासाठीच केलं गं," सर म्हणाले. "तू रोज म्हणायचीस ना, गाय दगावायची म्हणून."

"माहीत आहे."

"मग तू सगळं स्वतःवर का घेतलंस? त्याच्यासमोर खोटी ठरलीस उगाच."

बाई समोरच्या काचेतून बाहेर बघत होत्या.

"तुम्ही मला अडवाल, असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या.

सर खाली उतरले, वर्कशॉपच्या ऑफिसात गेले आणि कितीतरी वेळ आत होते. तिथे काय बोलले ते मला माहीत नाही. टर्बोचा निकाल मात्र बदलला नाही.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. वॉरंटी केव्हाच सरली, माझ्या कडांना गंज धरलाय. बाई अजून चढ चढतात, धापा टाकत का होईना. पण गाडी जरा जोरात पळाली की त्या पाय काढून घेतात आणि शेजारच्या सीटकडे बघतात. ती सीट रिकामी असली तरी बघतात.

मित्रांनो, उद्या तुमच्या घरी गाडी येईल. माझ्यासारखा एखादा डबा तिच्यातही असेल. त्याला धूळ-पाण्यापासून जपा, आणि त्याच्यावर काही लिहायचंच झालं तर खुशाल लिहा, तो तक्रार करणार नाही. फक्त गाडी जिची आहे, तिला आधी सांगा.