फोल्कमारच्या टाकीतलं उपाशी प्रवाळ

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही," मिशीवरचा बिअरचा फेस पुसत फोल्कमारने जाहीर केलं. "नका ठेवू. त्याने खरं आहे ते काही खोटं व्हायचं नाही."

जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गच्या खानावळीतल्या मागच्या खोलीत, घरच्या काचेच्या टाकीत समुद्री जीव पाळणाऱ्यांचं मंडळ जमलं होतं. टेबलावर काळपट हिरव्या कोबीची भाजी आणि सॉसेज वाफाळत होतं. फोल्कमारच्या पायाशी झाकण लावलेली बादली होती आणि समोर रोस्विटा बसली होती. नवा गुडघा बसवून, डोंगरातल्या आरोग्यधामात चांगली दीर्घ विश्रांती घेऊन ती आज परतली होती. जाताना तिने आपलं ताटाएवढं, जांभळं, शिंगाळं प्रवाळ फोल्कमारच्या टाकीत ठेवायला दिलं होतं. आज ते परत न्यायचं होतं.

बादलीत होतं ते अंगठ्याएवढं.

एरवी फोल्कमारला काळजी वाटली नसती. पण गुडघा दुखायला लागायच्या आधी रोस्विटा दर रविवारी सफरचंदाचा केक घेऊन त्याच्या टाकीची काच पुसायला यायची. काच तशी त्यालाही पुसता येत होती. त्याचा जीव अडकला होता त्या रविवारांत.

"सांग की लवकर," रोस्विटा म्हणाली. "आणि बादली अशी पायाने मागे काय ढकलतोयस?"

"सांगतो. तुझी ठेव घरात आली, म्हणून मी पाणी स्वच्छ करायला घेतलं. पाहुणी आली की आपण पलंगावरची चादर बदलतोच की नाही? मोठं फेसयंत्र आणलं. फॉस्फेट शोषणारे दाणे टाकले. वर व्होडका सुरू केली."

"कुणाला?"

"टाकीतल्या जिवाणूंना! ते व्होडकावर वाढतात, पाण्यातला मळ खातात आणि फेसयंत्र त्यांना फेसाबरोबर बाहेर काढतं. दुकानातली बाई मात्र मला बाटली देताना दारू सोडवणाऱ्यांचा पत्ताही द्यायला लागली. म्हटलं, बाई, ही माझ्यासाठी नाही, जिवाणूंसाठी आहे. तर माझा हात थोपटून म्हणते, सगळे असंच काहीतरी म्हणतात."

टेबल हसलं. फक्त मंडळातला एगोन हसला नाही. एवढं मोठं सॉसेज त्याने तोंडात कोंबलं होतं की त्याला हसताही येईना आणि बोलताही येईना. फोल्कमारला ते बरंच वाटलं.

"नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य! पाणी इतकं स्वच्छ झालं की दिसायचंच बंद झालं. टाकी रिकामी आहे असं समजून शेजारणीचं मांजर आत झोपायला उतरलं. गोगलगाय काचेवर चढून फ्रिजकडे टक लावून बसायची. आणि तुझं प्रवाळ, रोस्विटा, आधी फिकं पडलं आणि मग बारीक व्हायला लागलं."

"बारीक?"

"रोज सकाळी जरा कमी. एकदा तर मी काच पुसत होतो, तेवढ्यात फांदी बाहेर काढून त्याने माझ्या हातातला कलेजीचं सॉसेज लावलेला ब्रेड ओढून घेतला. शपथ! उरलं ते एवढंच. पण कसं तरतरीत आहे बघ."

त्याने झाकण उघडलं. अंगठ्याएवढा जांभळा तुकडा पाण्यात तळाला बसला होता. खरंच तरतरीत होता. फोल्कमारने बिअरचा मोठा घोट घेतला.

घडलं होतं ते असं. चाचणीतल्या शून्याची त्याला चटक लागली होती. शून्य आलं की छाती फुगायची आणि आणखी दाणे पडायचे. प्रवाळाच्या कातडीत राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला त्याच मळातलं थोडं हवं असतं आणि त्या शेवाळावरच प्रवाळ जगतं, हे त्याने मंडळातल्या प्रत्येक नवख्याला बजावलेलं होतं. तरी जांभळा रंग फिका पडला तेव्हा त्याला वाटलं, उजळलं! टाकीवरचा दिवा तसाच भगभगत होता. मग वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी चिकटा पसरला आणि प्रवाळाची कातडी बुडापासून ओल्या कागदासारखी सुटत गेली. घाबरून त्याने दाणे काढले, व्होडका थांबवली आणि तो माशांना पोटभर चारायला लागला. टाकी सावरली. प्रवाळाचा मात्र पांढरा सांगाडा उरला.

मग तो एगोनकडे धावला. रोस्विटाने एगोनला याच प्रवाळाची एक फांदी कधीतरी दिली होती. मंडळात तुकडे विकत नाहीत, वाटतात. एकाचं मेलं तर दुसऱ्याकडे जगतं. मात्र मिळालेल्यातून पुढे द्यायचं झालं तर आधी मूळ मालकाला विचारायचं, असा रिवाज आहे. घाबरलेल्या फोल्कमारला त्यातला वाटण्यापुरताच भाग आठवला. एगोनने दोन दिवसांनी तुकडा आणून दिला आणि तोंड बंद ठेवायचं कबूल केलं.

रोस्विटाने चष्मा लावला. बादलीत वाकून बराच वेळ पाहिलं.

"फोल्कमार," ती म्हणाली, "हे शिंगाळं प्रवाळ म्हणजे आतून काय असतं रे?"

"काय म्हणजे... दगडच."

"आणि दगड बारीक होतो?"

"अगं, अगदी उपाशी राहिला तर..."

"सहा आठवडे आरोग्यधामातलं सूप पिऊन मी बारीक झाले नाही, आणि दगड झाला?"

आता टेबल असं हसलं की पेले वाजले. एगोनने कसंबसं सॉसेज गिळलं आणि तो छताकडे पाहू लागला.

"एगोन, तू तरी सांग ना हिला!" फोल्कमारने शेवटचा आधार शोधला.

"त्याला कशाला मध्ये घेतोस? त्याने तुला दिलेला शब्द पाळलाय, अजून एक अक्षर बोललेला नाही," रोस्विटा बादलीचं झाकण लावत म्हणाली. "पण एगोन कधी रिवाज मोडेल का रे? तुकडा फोल्कमारला देऊ का, म्हणून त्याने आधी मलाच फोन केला होता."