मी कापलेला रकाना

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. माझे एक पाते गंजले आहे, दुसरे अजून थोडेसे चमकते. पण मला कोणी हातात घ्यावे, असे आता माझे मलाच वाटत नाही. का, ते सांगते.

माझा जन्म मेरठचा. तिथून मी खामगावच्या बाजारात आले आणि एका दुकानात धूळ खात पडले. एके दिवशी भगवंतराव गुरुजींनी मला उचलले, रद्दीच्या तुकड्यावर चालवून पाहिले आणि म्हणाले, "हीच द्या. सरळ चालते." सरळ चालते! एवढ्या कौतुकाने मी हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसले.

जानेफळच्या पलीकडे एका गावातल्या हायस्कुलात गुरुजी मराठी शिकवत. तोवर तिथल्या पोरांनी गायीवर निबंध लिहून लिहून बिचारीचे दूध आटवले होते. गुरुजींनी गाय सोडून दिली आणि पेपर धरला. नागपूरचा पेपर दुपारच्या बसने, एक दिवस शिळा होऊन यायचा. "भाकर शिळी चालते, तं बातमी काऊन चालत नाही?" असे ते म्हणत. रोज एक बातमी माझ्याकडून कापून घ्यायची, खळ लावून फळ्यावर चिकटवायची आणि वर्गाला सांगायचे, "ही ज्याच्या घरी घडली, त्याच्या ओसरीवर बसून लिहा." कुठे आगगाडी घसरायची, कुठे धरणाचे पाणी सुटायचे, आणि आमची पोरे लिहायची. तीच माझी सुखाची वर्षे.

सगळ्यांत चांगली लिहायची अन्नपूर्णा. उकंडराव माळ्याची ही मुलगी सकाळी मिरच्या तोडून मग शाळेत यायची. आगगाडी घसरल्याच्या बातमीवर तिने लिहिले ते पुढच्या स्टेशनावरच्या भजीवाल्याबद्दल. न येणाऱ्या गाडीसाठी तो घाणे तळत बसला होता. गुरुजींनी ते वर्गात दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना त्यांना चष्मा पुसावा लागला.

हिला बुलढाण्याला पाठवायचे, मास्तरीण करायचे, असे गुरुजींनी मनात धरले होते. ते उकंडरावांकडे गेले, तेव्हा उकंडराव म्हणाले, "मॅट्रिक पास झाली तं धाडतो, गुरुजी. नापास झाली तं दुसरबीडचं स्थळ हाये, त्याहिले जबान देऊन टाकीन. मंग मले काही म्हणू नका." एवढ्यावर ठरले.

परीक्षा झाली. उन्हाळ्याच्या सुटीत गुरुजी आपल्या गावी जायला निघाले. जाताना त्यांनी मला कडूबा शिपायाच्या हाती दिले. "मोठी बातमी दिसली का कापून पाकिटात ठेवजो. शाळा उघडली का पोरांले लागतीन." कडूबा अक्षर लावून लावून वाचणारा माणूस. पण हे काम मिळाल्यापासून तो मला रोज खोबरेल तेल लावायचा.

जूनमध्ये एका दुपारी बसने पेपर आला. पहिल्या पानाच्या अगदी काठच्या रकान्यात, वरपासून खालपर्यंत, एव्हरेस्ट चढून आलेल्या आपल्या वीरांची हकीकत होती. कडूबा हरखला. "पाह्य वो, आपले लोक आभायाले हात लावून आले!" मला म्हणाला आणि त्याने मला चालवले. मी अशी सरळ गेले, अशी सरळ गेले, की पान कापले आहे हेसुद्धा कोणाला ओळखू येऊ नये. मला फार अभिमान वाटला. त्या पानामागे काय छापले आहे, हे त्याने पाहिले नाही. मी तर काय, धार तेवढी माझी.

पानामागे मॅट्रिकचा निकाल होता.

तासाभरात उकंडराव आणि अन्नपूर्णा निकाल पाहायला शाळेत आले. आमच्या शाळेच्या परीक्षा-नंबरांत तिचा सगळ्यांत आधीचा, म्हणून तो काठच्या रकान्याच्या तळाशी छापला होता. मुलांचे नंबर पुढच्या रकान्याच्या माथ्यावर होते. चार मुलांचे सापडले. तिचे बोट पुन्हा पुन्हा वर जाई आणि कागदाच्या कडेला थांबे.

"पाह्य बाई, अजून एक खेप पाह्य," कडूबा म्हणत होता. त्याचाही जीव तुटत होता, पण आपण कापलेल्या रकान्यामागेही नंबर असतील, हे त्याच्या डोक्यात आले नाही.

"नाही दिसून राह्यला, काका," ती म्हणाली.

उकंडरावांनी टोपी सारखी केली आणि ते पुढे चालू लागले. आठव्या दिवशी दुसरबीडला लग्न लागले. लग्नसराईतला तो शेवटचा मुहूर्त होता.

शाळा उघडली. गुरुजी आले, त्यांना सगळे कळले आणि त्यांचा विश्वासच बसेना. त्यांनी पाकिटातली कात्रणे टेबलावर ओतली. एव्हरेस्टचे कात्रण पालथे पडले. गुरुजींनी खिशातली वही काढली, नंबर ताडून पाहिला. तो अन्नपूर्णाचाच होता. कडूबाला कळले, तेव्हा तो भिंतीला डोके टेकून लहान मुलासारखा रडला. गुरुजी कात्रण घेऊन उकंडरावांच्या मळ्यात गेले. वरातीमागून घोडे! उकंडराव वाफ्यातच खाली बसले. "जबान देली, गुरुजी. आता त्याहिले काय सांगू?"

नागपंचमीला अन्नपूर्णा माहेरी आली, तेव्हा गुणपत्रिका न्यायला शाळेत आली. मराठीत तिला शाळेत सर्वांत जास्त गुण होते. कडूबा तिच्या पाया पडू लागला.

"असं नका करू, काका," ती म्हणाली. "तुमी पोरांसाठीच कापलं ना?"

मग तिने ते कात्रण मागितले. दोन्ही बाजूंनी नीट वाचले, शेवटच्या बाकावर बसली आणि नेहमीसारखी लिहू लागली. "उकंडरावांची मुलगी मॅट्रिक पास झाली. तिचा नंबर पेपरात आला होता. तिला तो कळला तेव्हा..." एवढ्यात बाहेरून उकंडरावांनी हाक मारली, "चाल माय, पाव्हणे न्यायले आले." तिने टाक ठेवला, पदर सारखा केला आणि ती गेली. गुरुजी त्या कागदावर लाल पेन्सिल धरून बराच वेळ बसले. त्यावर एकही खूण त्यांच्याने करवली नाही.

त्यानंतर कडूबाने मला हात लावला नाही. गुरुजींची बदली झाली. नवे मास्तर पुन्हा गायीवर आले. मी या कपाटात, मोडक्या नकाशांखाली पडून आहे. गंज चढतो, तो मला बराच वाटतो.

मित्रांनो, मला दोष द्या, मी तो नाकारत नाही. कापण्याआधी पान उलटून पाहावे, एवढे तरी माझ्यावरून शिका. पण एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवशी अन्नपूर्णाच्या वर्गातल्या शेषरावचाही नंबर दिसला नव्हता. त्याचे वडील रामराव दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मेहकरला गेले, तिथला पेपर मागून घेतला आणि निकालाचा एकेक आकडा तपासून आले. शेषराव खरोखरच नापास होता. तो पेपर पुरता होता, त्याला कोणी कात्री लावली नव्हती. जाताना रामराव उकंडरावांच्या मळ्यावरूनच गेले. उकंडरावांनी त्यांना रामराम केला, पुढे ऊन लागेल म्हणून पाणी पाजले. आमच्या अन्नपूर्णाचाही नंबर पाहून या, असे त्यांना कोणी म्हटले नाही.