माजोनीचा गामोसा

मी गामोसा बोलतोय. पांढरा, लाल काठाचा, तुमच्या पंच्यासारखा. आसामात माझ्याशिवाय कुणाचा खांदा मोकळा नसतो. पाहुण्याचा मान करायला मी, घाम पुसायलाही मीच. नवा असताना मान, जुना झालो की घाम. माणसांचं हे असंच. मी मनावर घेत नाही.

मला विणलं रेबोती आइताने. आइता म्हणजे आजी. पुरात सापडलेली रानातली जनावरं सांभाळतात ना, तिथे ती गवत कापायची, पिल्लांना दूध पाजायची. एका पुरात होडीतून गेंड्याचं पिल्लू आलं. लेक होती. आई वाहून गेलेली.

तिथल्या दिगंत डॉक्टरने आल्या आल्या बजावलं, "आइता, हिला नाव ठेवायचं नाही, कुरवाळायचं नाही, बोलायचंसुद्धा नाही. मोठी झाली की रानात सोडायचीय. माणसांचा लळा लागला तर शिंगासाठी मारणारे येतील, आणि ही त्यांच्यापुढे लाडात उभी राहील."

"बरं बाबा, तोंडाला कुलूप," आइता म्हणाली. त्याची पाठ वळली तशी पिल्लाच्या कानात कुजबुजली, "माजोनी, हा असाच खेकसतो. बायको माहेरी गेलीय त्याची."

बिहूचा सण आला. बिहूला घरातल्या प्रत्येकाला नवा गामोसा द्यायचा असतो. आइताने मुलाला दिला, सुनेला दिला, डॉक्टरलाही दिला. मग म्हणाली, "आणि हिनेच काय पाप केलंय?" नवं कापड टोचेल म्हणून आधी मला स्वतः वापरलं, मऊ केलं, आणि गुपचूप पिल्लाच्या पेंढ्यात सरकवलं.

पिल्लू माझ्यात नाक खुपसून झोपायचं. मला आइताचा वास होता, सुपारीचा आणि चुलीच्या धुराचा. तो उडाला की ती मला घरी नेई, खांद्यावर टाकी आणि परत आणून ठेवी. हे बरं नाही, मला कळत होतं. पण इतकं घट्ट मला कुणी धरलं नव्हतं हो. मी मजेत पडून राहिलो.

तीन वर्षांनी माजोनीला रानात सोडलं. थोडे दिवस गेले न गेले तोच ती शेतात! गोलाप काका मोहरी कापत होते. हिने मागून येऊन त्यांच्या खांद्यावरच्या गामोशात नाक घातलं. काका थेट तळ्यात.

"रेबोती, तुझी नात माझा मुका घ्यायला आली होती!"

"मग? या वयात दुसरं कोण घेणार तुझा?"

गाव हसलं. डॉक्टर हसला नाही.

"आइता, इथे सुपारी न खाणारा, गामोसा न घेणारा एक माणूस दाखव. उद्या बंदूकवाला येईल, त्यालाही हाच वास असेल. काय करून बसलीस?"

आइताने घरातून मला आणून त्याच्यापुढे टाकलं.

डॉक्टरने मला पिंजऱ्यातल्या वाघाच्या मुताने भिजलेल्या पेंढ्यात पुरून ठेवलं. मग दोघं हत्तीवर बसून रानाकडे निघाली, मी आइताच्या खांद्यावर.

"हाक मार," डॉक्टर म्हणाला.

"मीच?"

"तुझ्याच हाकेला येईल ना ती."

"माजोनी!"

ती धावतच आली, कान हलवत. आइताने एक टोक हातात धरून मला खाली सोडलं. माजोनीने सवयीने नाक घातलं आणि फुसकन् मागे उडाली. पळाली. पण थोड्या अंतरावर थांबली, वळून बघायला लागली. आपलीच काही चूक झाली, असं वाटलं असेल तिला. तेव्हा आइताने मला गरगर फिरवलं आणि ओरडली, "चल नीघ! पुन्हा तोंड दाखवू नकोस!"

माजोनी गवतात शिरली.

"बरं केलंस, आइता."

"गप्प बस रे मेल्या."

आता मला कुणी घरात घेत नाही. आइताला टाकवतही नाही. रानाकडच्या कुंपणावर लटकतोय, गाईसुद्धा लांबून जातात. दोष कुणाचा म्हणाल, तर आइताला माया आवरली नाही आणि मला लाड आवरले नाहीत. भोगतेय ती माजोनी.

म्हणून सांगतो, इकडे आलात आणि ती दिसली, तर हाका मारू नका. केळं दाखवू नका. तिला तिच्या वाटेने जाऊ द्या.

परवा ती पलीकडे चरत होती. वारा तिच्या दिशेने वळला. तिने मान वर केली, कान ताठ केले. मी अंगात होतं नव्हतं ते बळ लावून फडफडलो, तिने आणखी लांब जावं म्हणून.