बदकांच्या पडद्यामागचा काटा

मित्रांनो, मला काटा एकच आणि काम एकच: दोन वस्तूंमधलं अंतर केसाएवढं जरी बदललं, तरी सांगायचं. मी एक जुना डायल गेज आहे. काचेखाली गोल तबकडी आणि पोटातून बाहेर येणारी एक दांडी, एवढाच माझा संसार. तरुणपणी मी कारखान्यात होतो. तिथला फिटर मला फडक्यात गुंडाळून ठेवायचा, दुसऱ्या कुणी हात लावला की खेकसायचा. काय थाट होता माझा! पुढे नवी यंत्रं आली आणि मी खणात जाऊन पडलो.

तिथून मला बाहेर काढलं एका इंजिनिअर बाईने. तिची थोरली बहीण पाळणाघर चालवते. तिथल्या मोठ्या खोलीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती, आणि आईबापांनी मुलं पाठवणं बंद केलं होतं. भेगेच्या एका बाजूला मला घट्ट बसवलं, दुसऱ्या बाजूच्या खुंटीला माझी दांडी टेकवली. भेग रुंदावली की काटा सरकणार. धाकटी सवड मिळेल तेव्हा येऊन आकडा टिपायची. कधी सकाळी, कधी भर उन्हात. अहो, उन्हाने भिंत फुगते, भेग आवळते! त्यामुळे माझे आकडे पुढेमागे व्हायचे. मी मनातल्या मनात चरफडायचो, पण मला विचारतो कोण?

शेवटी ते आकडे तिने संगणकात घातले. विखुरलेल्या ठिपक्यांमधून एक सरळ रेघ निघाली, किंचित वर चढणारी.

“म्हणजे भेग वाढतेय की नाही? एका शब्दात सांग,” ताई म्हणाली.

“चढ दिसतोय, ताई. पण आकडे इतके विखुरलेत, की भिंत जागची हलली नसती, तरी शंभरात आठ वेळा एवढा चढ नुसत्या योगायोगाने दिसला असता. पाचापेक्षा कमी आले असते, तर मी ठामपणे ‘हो’ म्हणाले असते.”

“आठ आलेत ना? मग झालं! सुटले बाई एकदाची.”

“अगं, सुटलीस कसली! चढ सिद्ध झाला नाही, एवढंच. चढ नाही, असं कुठे सिद्ध झालंय? खरा चढ शून्य असेल, नाहीतर याच्या दुप्पटही असेल. मला अजून दोन महिने दे. रोज सकाळी ठरलेल्या वेळी आकडा घेऊ.”

“दोन महिने? सोमवारी मुलं आली नाहीत, तर मला कायमचं कुलूप लावावं लागेल. लिहून दे ना गं. माझ्यासाठी.”

धाकटीने कागद पुढे ओढला. मग तिने लिहिलं, ‘भेग वाढत असल्याचा पुरेसा पुरावा आढळला नाही.’ त्यात एकही शब्द खोटा नव्हता. ताईने आईबापांना सांगितलं, “इंजिनिअरने तपासलंय, भेग वाढत नाही.” सोमवारी मुलं परत आली.

“रोज सकाळी आकडा लिहून ठेव,” असं बजावून धाकटी कामासाठी परगावी गेली. ताईने थोडे दिवस लिहिला. मग मुलं मला ओढतात म्हणून तिने बदकांच्या कापडाचा पडदा शिवला आणि माझ्यावर टांगला. ताई वाईट नाही हो, पोरांना जिवापाड जपते. पण त्यानंतर माझ्याकडे कुणी पाहिलेलं नाही.

मित्रांनो, आता ऊन असो की सावली, काटा मागे येत नाही. माझी दांडी जवळजवळ पूर्ण बाहेर आली आहे. ती खुंटीपासून सुटली की काटा जागच्या जागी थांबेल, आणि कुणी पडदा सारलाच तर म्हणेल, बघा, भिंत थांबली! म्हणून आत्ताच बघा. मोजायला म्हणून कुणाला भिंतीवर बसवलंत, तर त्याच्याकडे पाहत चला. मी दुसरं काही मागत नाही. भिंतीला लागून गाद्या घातल्या आहेत, तिथे वारा छान येतो. पोरं नुकतीच झोपली आहेत.